उसळी, टप्पा आणि पल्ला : अमिरातीच्या मैदानांवरील चेंडूचे भौतिकशास्त्र

चेंडूने खेळल्या जाणाऱ्या कोणत्याही खेळात चेंडू एकतर हवेतून जात असतो, नाहीतर जमिनीवर, बॅटवर किंवा रॅकेटवर आदळत असतो. या दोन अवस्थांचे नियम वेगळे असल्यामुळे सरावात त्या वेगवेगळ्या तपासल्या, तर खेळाडूच्या चुकीचे नेमके कारण सापडणे पुष्कळ सोपे जाते. संयुक्त अरब अमिरातीत अशा तपासणीची गरज अधिक आहे, कारण वर्षातील कित्येक महिने घरातील वातानुकूलित खोली 24 अंश सेल्सिअसवर आणि मैदान 40 अंशांच्या पुढे अशी स्थिती तेथे असते, आणि एकच मुलगा कधी शाळेच्या कृत्रिम हिरवळीवर, कधी सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर, तर कधी अकादमीच्या मातीच्या खेळपट्टीवर खेळतो. पुढील विवेचन दुबई, शारजा आणि अबुधाबी येथील मराठी पालकांना आणि सुटीच्या दिवशी मुलांचा सराव घेणाऱ्या हौशी प्रशिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून केले असून त्यात वापरलेले गणित शालेय पातळीच्या पलीकडे जात नाही.

उसळीचे मोजमाप

चेंडू जमिनीवर आदळताना क्षणभर चपटा होतो, त्याची गतिज ऊर्जा म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा रबरात, लोकरीच्या आवरणात किंवा आतील हवेत साठवली जाते आणि चेंडू पूर्ववत होताना तिचा काही भाग परत मिळतो, तर उरलेला भाग उष्णता आणि आवाज यांत खर्च होतो. आदळल्यानंतरचा वेग आणि आदळण्यापूर्वीचा वेग यांच्या गुणोत्तराला येथे उसळी-गुणांक म्हटले आहे. तो 1 असता तर चेंडू सोडलेल्या उंचीपर्यंत परत आला असता आणि 0 असता तर जमिनीला चिकटून राहिला असता. उंचीचा संबंध वेगाच्या वर्गाशी असल्यामुळे उसळीची उंची भागिले सोडलेली उंची हे गुणोत्तर उसळी-गुणांकाच्या वर्गाइतके येते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार 254 सेंटीमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडलेला सर्वसाधारण प्रकारचा टेनिसचा चेंडू 135 ते 147 सेंटीमीटर उसळावा लागतो, म्हणजेच त्याचा उसळी-गुणांक साधारण 0.73 ते 0.76 असतो. टेबल टेनिसमध्ये 30 सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू टेबलावरून सुमारे 23 सेंटीमीटर उसळणे अपेक्षित असते, तेथे हाच गुणांक 0.87 च्या आसपास जातो.

घरी हा गुणांक काढण्यासाठी उंची मोजण्याची धडपड करण्यापेक्षा कानांचा आधार घेणे अधिक अचूक ठरते. चेंडू हातातून सोडून तो टप टप उसळत असताना मोबाइलवर आवाजाचे ध्वनिमुद्रण करावे, पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांमधील वेळ आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांमधील वेळ ध्वनिलहरींच्या आलेखावरून वाचावी आणि दुसऱ्या वेळेला पहिल्या वेळेने भागावे; येणारी संख्या हाच उसळी-गुणांक होय, कारण चेंडू हवेत जितका वेळ राहतो तो वेळ त्याच्या उसळीच्या वेगाच्या प्रमाणात असतो. 254 सेंटीमीटरवरून सोडलेल्या चांगल्या टेनिस चेंडूच्या बाबतीत पहिले अंतर सुमारे 1.07 सेकंद आणि दुसरे सुमारे 0.8 सेकंद येते. सोडण्याची उंची थोडी चुकली तरी गुणोत्तर जवळजवळ तेच राहते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

टेनिस महासंघाची वरील चाचणी 20 अंश तापमानात मुरवलेल्या चेंडूवर केली जाते, आणि अमिरातीतील वाचकाच्या दृष्टीने याच अटीला सर्वाधिक महत्त्व आहे. रबर तापले की ते अधिक लवचीक होते आणि आदळताना कमी ऊर्जा गमावते. शिवाय टेनिसच्या चेंडूत कोंडलेल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विन मापाच्या प्रमाणात वाढतो. 20 अंश म्हणजे 293 केल्विन आणि 45 अंश म्हणजे 318 केल्विन असल्यामुळे आतील एकूण दाब सुमारे साडेआठ टक्के वाढतो. बाहेरच्या हवेच्या दाबात बदल होत नसल्याने चेंडूला ताठ ठेवणारा जादा दाब मात्र सुमारे 17 टक्के वाढतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीतून काढलेला चेंडू पहिली काही मिनिटे अवास्तव उसळतो, आणि मुलाने बॅकफुटवर शिकलेले अंतर त्या चेंडूवर चुकले तर दोष मुलाचा नसतो. उष्णतेत रबरातून हवा बाहेर झिरपण्याचा वेगही वाढत असल्याने डिकीत ठेवलेले चेंडू लवकर मरतात, ते वेगळेच.

फुटबॉलच्या बाबतीत हा परिणाम पंपावरील काट्यावर प्रत्यक्ष दिसतो. खेळाच्या नियमांनुसार फुटबॉलमधील जादा दाब 0.6 ते 1.1 वातावरण इतका असावा लागतो. 24 अंशांच्या खोलीत 1.05 इतका दाब भरलेला चेंडू 45 अंशांच्या मैदानावर तापल्यावर सुमारे 1.2 पर्यंत जातो, म्हणजे घरी नियमात बसणारा चेंडू मैदानावर नियमाबाहेर पडतो. म्हणून फुटबॉल घरी भरू नये. तो मैदानाच्या कडेला सावलीत काही वेळ ठेवून मगच पंपाने दाब लावावा आणि लहान मुलांना डोक्याने चेंडू मारण्याचा सराव द्यायचा असेल, तर दाब खालच्या मर्यादेकडे ठेवावा.

टप्प्यानंतर काय घडते

सरळ खाली सोडलेल्या चेंडूचा नियम टाकलेल्या चेंडूला अर्धाच लागू पडतो, कारण टाकलेला चेंडू तिरका आदळतो आणि त्याच्या वेगाचे उभा व आडवा असे दोन भाग पाडावे लागतात. उभ्या भागावर उसळी-गुणांकाचे आणि आडव्या भागावर घर्षणाचे राज्य असते. क्रिकेटमधील चांगला टप्पा म्हणजे गुडलेंथ ही जमिनीवरची कायमची जागा नसून खेळपट्टीच्या उसळी-गुणांकानुसार सरकणारी जागा आहे, हे या विभागणीवरून स्पष्ट होते. एखाद्या गोलंदाजाने 2.1 मीटर उंचीवरून सेकंदाला 34 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 122 किलोमीटर वेगाने चेंडू सोडला आणि तो फलंदाजाच्या क्रीजच्या 6 मीटर अलीकडे पडला, तर आदळताना त्याचा खाली जाणारा वेग सेकंदाला 7.8 मीटर असतो. टप्प्यात आडव्या वेगाचा सातवा भाग घर्षणात जातो असे धरले, तर 0.35 गुणांकाच्या संथ खेळपट्टीवर तो चेंडू क्रीजपाशी सुमारे 35 सेंटीमीटर उंचीवर, 0.5 गुणांकाच्या खेळपट्टीवर 60 सेंटीमीटर उंचीवर आणि 0.6 गुणांकाच्या टणक पृष्ठभागावर 75 सेंटीमीटर उंचीवर पोहोचतो. यष्ट्यांची उंची 71.1 सेंटीमीटर असल्याने पहिले दोन चेंडू त्रिफळा उडवतात आणि तिसरा यष्ट्यांवरून निघून जातो, जरी गोलंदाजाने तीनही वेळा तंतोतंत तोच चेंडू टाकलेला असतो.

या उदाहरणावरून सरावाचा एक नियम सरळ मिळतो. सिमेंटवर मॅट अंथरलेल्या विकेटवर आठवडाभर टाकणारा मुलगा शनिवारी मातीच्या खेळपट्टीवर उतरला, की त्याने पहिल्या षटकाआधी चेंडू खेळपट्टीवर नव्हे तर तिच्या कडेच्या सरावपट्टीवर सोडून उसळी पाहावी आणि उसळी कमी असल्यास टप्पा काहीसा आखूड, जास्त असल्यास काहीसा पुढे घ्यावा. इंग्लंडमध्ये खेळपट्टीचा वेग जोखण्यासाठी 16 फूट उंचीवरून चेंडू सोडण्याची चाचणी पूर्वीपासून प्रचारात आहे. अमिरातीतील हौशी संघांना एवढ्या उंचीची सोय नसते, परंतु डोक्याच्या उंचीवरून सोडलेला सीझन बॉलसुद्धा दोन पृष्ठभागांतील फरक दाखवण्यास पुरेसा असतो. दुबई स्पोर्ट्स सिटीतील आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अकादमीत वेगवेगळ्या देशांतील परिस्थितीशी जुळणाऱ्या खेळपट्ट्या मुद्दाम तयार केलेल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

घर्षणाचा भाग फिरकी गोलंदाजाला अधिक कळीचा असतो. फिरणारा चेंडू टप्प्यावर काही सहस्रांश सेकंदच जमिनीला टेकतो आणि तेवढ्या वेळात जमिनीने त्याचा पृष्ठभाग पकडला तरच फिरकीचे रूपांतर बाजूच्या वेगात होते; पृष्ठभाग ओला असेल तर पकड सुटते आणि चेंडू घसरत सरळ जातो. अमिरातीतील किनारपट्टीच्या मैदानांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री पडणारे दव हे काम करते, आणि त्याबरोबर गोलंदाजाच्या बोटांची चेंडूवरील पकडही घालवते. 2021 च्या ट्वेंटी-20 विश्वचषकात दुबईच्या सामन्यांत नाणेफेकीला जे महत्त्व आले त्याच्या मुळाशी दव हे एक मोठे कारण होते. 14 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि न्यूझीलंडने दिलेले 173 धावांचे लक्ष्य 18.5 षटकांत केवळ 2 गडी गमावून गाठले. रात्री सामना असणाऱ्या मुलांच्या संघाने सरावात एक चेंडू बादलीत बुडवून, पुसून वापरावा. फिरकी गोलंदाजाला दवाची सवय लावण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

एका अंशाची किंमत

हवेतील चेंडूला प्रक्षेप्य म्हणतात. हातातून किंवा बॅटवरून सुटल्यानंतर त्याच्यावर केवळ गुरुत्वाकर्षण आणि हवा यांचेच बल काम करते. हवा वगळली तर त्याचा मार्ग अन्वस्त म्हणजे शाळेच्या भूमितीत भेटणारा तो सममित वक्र असतो, आणि आडव्या दिशेने जाताना चेंडू किती खाली येईल हे केवळ लागणाऱ्या वेळेवर ठरते. शारजाचे नाव निघताच मराठी वाचकाला 22 आणि 24 एप्रिल 1998 रोजी सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या 143 आणि 134 धावा आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रक्षेप्य गती शिकण्यासाठी त्याच मैदानावरचा 18 एप्रिल 1986 चा एक चेंडू अधिक उपयोगी आहे, जरी त्याची आठवण भारतीय प्रेक्षकाला सुखाची नाही. ऑस्ट्रल-आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर 4 धावा हव्या होत्या, चेतन शर्मा यांनी यॉर्कर टाकण्याचा प्रयत्न केला, चेंडू फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदाद यांनी त्यावर षटकार मारला.

यॉर्कर आणि फुलटॉस यांत कोनाचा फरक किती असतो हे वर घेतलेल्याच आकड्यांनी काढता येते. दोन्ही बाजूंच्या क्रीजमधील अंतर 17.7 मीटर धरले, तर सेकंदाला 34 मीटर वेगाचा चेंडू ते 0.52 सेकंदात कापतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने 1.33 मीटर खाली येतो. 2.1 मीटर उंचीवरून सुटलेला चेंडू बरोबर फलंदाजाच्या पायाशी पडण्यासाठी उरलेले 0.77 मीटर अंतर सोडण्याच्या कोनातून मिळवावे लागते, म्हणजे हात चेंडूला क्षितिजाच्या खाली सुमारे 2.5 अंशांनी सोडतो. तोच चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीपासून 50 सेंटीमीटरवर पोहोचण्यासाठी हा कोन सुमारे 0.9 अंश पुरतो. दोहोंतील फरक अवघा 1.6 अंशांचा आहे, आणि वेगाने फिरणाऱ्या दंडाला तेवढा फरक पडण्यास सेकंदाचा सुमारे एक सहस्रांश भाग पुरतो. एका चेंडूवरून गोलंदाजाला आयुष्यभर बोल लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

यॉर्करचा सराव म्हणूनच लक्ष्यावर नजर ठेवण्याइतकाच, किंबहुना अधिक, चेंडू सोडण्याच्या क्षणावर केंद्रित असावा. मोबाइलची सेकंदाला 240 चित्रे घेणारी संथगती चित्रफीत बाजूने घ्यावी, सुटल्यानंतरच्या पहिल्या काही चित्रांत चेंडूचा मार्ग क्षितिजाशी किती कोन करतो ते पडद्यावर पट्टी धरून पाहावे आणि पाय, डोके, खांदा यांत बदल करण्यापूर्वी तो कोन चेंडूगणिक किती हलतो हे नोंदवावे. कोन स्थिर असून टप्पा चुकत असेल तर दोष वेगाचा असतो. कोनच अस्थिर असेल तर वेग कमी करून पुन्हा सुरुवात करणे इष्ट.

षटकाराच्या बाबतीत शालेय पुस्तकातील 45 अंशांचे उत्तर मैदानावर खरे ठरत नाही. बॅटवरून सेकंदाला 30 मीटर वेगाने सुटलेला चेंडू हवा नसती तर 45 अंशांत सुमारे 92 मीटर गेला असता. प्रत्यक्षात त्या वेगाच्या चेंडूला हवेचा रोध सुरुवातीला गुरुत्वाच्या निम्म्याहून अधिक असतो आणि पल्ला साधारण 65 मीटरवर येतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान 59.43 मीटर असावी लागते हे ध्यानात घेतले, तर हा फटका लहान मैदानावर षटकार आणि मोठ्या मैदानावर झेल ठरेल हे उघड आहे. शारजातील मैदान लहान म्हणून प्रसिद्ध आहे. 27 सप्टेंबर 2020 रोजी आयपीएलमध्ये राजस्थानच्या राहुल तेवतिया याने पंजाबच्या शेल्डन कॉट्रेलच्या एकाच षटकात तेथे 5 षटकार मारले आणि 224 धावांचे लक्ष्य गाठले गेले. हवेचा रोध धरला तर सर्वाधिक पल्ल्याचा कोन 40 अंशांच्या आसपास येतो, आणि त्याच्या आजूबाजूला तीन-चार अंश इकडेतिकडे झाले तरी पल्ला फारसा घटत नाही. वेग मात्र थोडा घटला तरी पल्ला ठळकपणे घटतो. मुलांना उंच मारण्यास सांगणारे प्रशिक्षक म्हणूनच चुकीच्या गोष्टीवर भर देतात, कारण उंच मारण्याच्या नादात बॅटचा वेग आणि मध्यभागाशी होणारी गाठ दोन्ही सुटतात.

उष्ण हवा विरळ असते आणि त्यामुळे चेंडू लांब जातो, हा समज खरा आहे, पण त्याची मात्रा लोकांना वाटते तेवढी नाही. 20 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सुमारे 8 टक्के विरळ असते आणि वरील फटक्याला त्यातून दीड-दोन मीटरच अधिक मिळतात. पाठीमागून येणारा ताशी 18 किलोमीटरचा वारा त्याहून कितीतरी जास्त अंतर देतो. खाडीवरून दुपारनंतर वारा सुटणाऱ्या मैदानावर कर्णधाराने तापमानापेक्षा झेंड्याकडे पाहावे. हवेच्या रोधाचे टोकाचे चित्र दुबईच्याच एका प्रसिद्ध प्रसंगातून मिळते. फेब्रुवारी 2005 मध्ये बुर्ज अल अरबच्या सुमारे 210 मीटर उंचीवरील हेलिपॅडवर रॉजर फेडरर आणि आंद्रे अगासी टेनिस खेळले. तेथून खाली पडणारा टेनिसचा चेंडू हवा नसती तर ताशी 230 किलोमीटर वेगाने आदळला असता, परंतु हवेत त्याचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पुढे वाढत नाही, कारण त्या वेगाला हवेचा रोध आणि चेंडूचे वजन समान होतात.

सीमारेषेवरून फेकीचा प्रश्न राहतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने सेकंदाला 20 मीटर वेगाने, 1.7 मीटर उंचीवरून चेंडू फेकला आणि यष्टिरक्षक 35 मीटरवर असला, तर 27 अंशांच्या उंच फेकीला थेट पोहोचण्यास सुमारे 2 सेकंद लागतात. 15 अंशांची सपाट फेक 25 मीटरवर टप्पा घेऊन, टप्प्यात एक चतुर्थांश आडवा वेग गमावूनही, तेवढ्याच 2 सेकंदांत यष्ट्यांच्या निम्म्या उंचीवर येते. वेळ सारखीच लागत असेल तर एक टप्प्याची फेक श्रेयस्कर, कारण कोनातील चुकीने तिचे लक्ष्य कमी भरकटते आणि चेंडू धावबाद करण्यास सोयीच्या उंचीवर हाती येतो. मात्र मऊ वाळू असलेल्या किंवा दवाने भिजलेल्या मैदानावर हा हिशेब बिघडतो, तेथे थेट फेकच बरी. अंतर 45 मीटरच्या पुढे गेल्यास या वेगाच्या मुलाची फेक हवा नसती तरी थेट पोहोचली नसती. तेव्हा मध्ये दुसरा क्षेत्ररक्षक उभा करावा आणि मुलाच्या खांद्याला विश्रांती द्यावी.

हे सर्व प्रयोग चेंडूचे व मैदानाचे तापमान नोंदवूनच करावेत, एका दिवशीचे आकडे दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांशी तापमान न पाहता ताडून पाहू नयेत आणि प्रत्येक पृष्ठभागासाठी वहीत वेगळे पान ठेवावे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर उन्हात काम करण्यास कायद्याने बंदी असते. मुलांचा सराव आणि मोजमाप यांसाठीही त्या वेळा वर्ज्य समजाव्यात आणि पहाट किंवा सूर्यास्तानंतरची वेळ निवडावी.